चारवरचा ठिपका

एइनोच्या गिटारीवर दोनच बटणं.
वरच्याचं टोपण कधीच हरवलंय,
उघडा पितळी दांडा राहिलाय,
आणि त्याच्या करंगळीला दांड्यापुरता घट्टा.
खालच्यावर, चारच्या आकड्याशी,
लाल नेलपॉलिशचा एक ठिपका.

मी मागे बसते, ड्रमवर.
मला त्याची पाठ दिसते आणि उजवा हात.
दुलुथच्या बंदरावरचा हा बार,
शुक्रवारी तीस माणसं, कडाक्याच्या थंडीत बारा;
बाहेर सरोवरावरचा बर्फ
रात्रभर कण्हत असतो.

अॅम्प मात्र पूर्ण उघडा.
पहिल्या दिवशी मी दचकलेच होते.
तो म्हणाला, आरडाओरडा सगळा पेटीत भरून ठेवायचा.
दार किती किलकिलं करायचं
ते इथं ठरतं.
आणि करंगळी वळवली.

तीनवर तार स्वच्छ,
काचेच्या पेल्यावर नख मारावं तशी.
सहावर कडा खरबरीत होतात,
उशिरापर्यंत बोलत बसलेल्या माणसाच्या घशासारख्या.
दहावर तो वर्षातून दोनदा जातो.

कधी तार छेडतो तीच शून्यावर.
आघात कुणाच्या कानी पडत नाही.
मग करंगळी दांडा हळूच ओढते
आणि सूर येतो, सुरुवात नसलेला,
धुक्यातल्या जहाजासारखा:
आधी नुसता जाड काळोख, मग नाक,
मग अख्खं लोखंड.

खालच्या बटणाची गोष्ट वेगळी.
ते काहीच वाढवत नाही. मी आत पाहिलंय,
डाग देताना: बोटाच्या पेराएवढा
नारिंगी कपॅसिटर, एक टोक अर्थिंगला.
बटण मागे घेतलं की सुराची धार
त्या वाटेने गुपचूप जमिनीत उतरते.
उरतो तो ऊबदार खर्ज.

चौतीस वर्षं एइनो गोदीत होता.
लोहखनिजाच्या गोळ्या पत्र्याच्या घसरगुंडीवरून
जहाजांच्या पोटात कोसळायच्या,
कानांत बोळे कुणी घालत नसे तेव्हा.
त्याच्या कानांचं खालचं बटण
गोदीनेच मागे फिरवून ठेवलं.
माझी झांज त्याला दिसते. ऐकू येत नाही.

म्हणून धार शोधत तो पुढे पुढे जायचा,
सात, आठ, दहा.
त्याला ते तरीही बोथटच वाटायचं
आणि पुढच्या टेबलावरची माणसं
बिअर उचलून मागे सरकायची.
कुणी बोललं नाही. मीही नाही.
वर्षभर आम्ही त्याच्याशी खोटं बोलत होतो,
ताल न चुकता.

मग एका शुक्रवारी मार्लिस आली, त्याची बायको,
अंगावरचा कोटही न काढता.
मध्यंतरात गिटार स्वतःच्या मांडीवर घेतली,
पर्समधून बाटली काढली, चष्मा कपाळावर सारला.
छेड, म्हणाली. तो ओणवून एकेक तार छेडत गेला,
ती बटण फिरवत राहिली, डोळे मिटून,
आणि एका जागी थांबून ठिपका दिला.
वाळेपर्यंत फुंकर घातली.

तो म्हणाला, मला हे गोधडीखालचं वाटतं.
ती म्हणाली, वाटू दे. मी गोधडीबाहेर बसलेय.

तेव्हापासून प्रत्येक गाण्याआधी
तो वाकतो, ठिपका रेषेवर आणतो,
डोळ्यांनी,
आणि स्वतःला कधी ऐकू न येणारा सूर
आमच्याकडे सोपवून देतो.

काल शेवटच्या गाण्याला त्याची करंगळी
चारवरून तीनवर, तीनवरून दोनवर उतरत होती,
आणि तो अर्धा वळून माझ्याकडे बघत होता.
माझ्याकडे नाही, झांजेकडे.
ती थरथरायची थांबली,
तेव्हाच तो शून्यावर आला.